काळजीच्या सुरात येणारी चिथावणी: ओळखावी कशी, रोखावी कशी

“आपल्या भागातील सर्वांना कळकळीची विनंती. आज रात्री ते लोक येणार असल्याची पक्की बातमी आहे. आयाबहिणींना घराबाहेर पाठवू नका. पोलीस काही करणार नाहीत, आपली काळजी आपणच घ्यायची आहे. हा संदेश प्रत्येक ग्रुपवर टाका.”

नागपुरातील वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणाऱ्या तरुणांसाठी आम्ही काही जण छोटे वर्ग घेतो, तेव्हा मी फळ्यावर असाच एक मजकूर लिहिते आणि यात गैर काय आहे, असे विचारते. बहुतेक जण आक्षेपार्ह शब्द शोधत बसतात आणि तो त्यांना सापडत नाही, कारण या पाच वाक्यांत एकही शिवी नाही, कोणत्याही धर्माचे किंवा जातीचे नाव नाही, उलट शेजाऱ्याने शेजाऱ्याची करावी तशी काळजी त्यात दिसते. तरीही तणावाच्या रात्री फिरणाऱ्या मजकुरात सर्वांत घातक ठरतो तो बहुधा याच प्रकारचा. शिव्यांनी भरलेली पोस्ट वाचून शहाणा माणूस बाजूला होतो. भीती घालणारा संदेश वाचून तोच माणूस भावाला फोन करतो, दाराशी काठी आणून ठेवतो आणि संदेश पुढे पाठवतो. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी भीती ओळखायला शिकावे, असे माझे मत आहे.

आपल्या शहराला हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून महाल भागात आंदोलन झाले, धार्मिक मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा समाजमाध्यमांवरून पसरली आणि संध्याकाळनंतर महाल, हंसापुरी या भागांत दगडफेक व जाळपोळ झाली. अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावावी लागली आणि ती टप्प्याटप्प्याने उठवत २३ मार्च उजाडला. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले होते. तिथे दोन धर्मांचा प्रश्नच नव्हता. अनोळखी आणि भटके असणे एवढेच त्या पाच जणांवर संशय येण्यास पुरेसे ठरले. द्वेषाचा मजकूर म्हणजे हिंदू-मुसलमानांपुरती गोष्ट, असे समजणाऱ्या प्रत्येक नवख्या कार्यकर्त्याला मी आधी राईनपाड्याची आठवण करून देते.

पहिली पायरी: मजकूर काय सांगतो आणि काय करायला लावतो, हे वेगळे करा

प्रत्येक कडवट वाक्य चिथावणी नसते, आणि तसे मानून चालणारा कार्यकर्ता थोड्याच दिवसांत स्वतःची विश्वासार्हता गमावतो. सरकारवर टीका, एखाद्या धर्मातील किंवा जातीतील प्रथेवर टीका, पुढाऱ्यावरचा राग, इतिहासाविषयीचे मतभेद या सर्व गोष्टी बोलण्याचा नागरिकांना अधिकार आहे, मग त्या आपल्याला कितीही खटकोत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारे कलम ६६-अ रद्द करताना चर्चा, पुरस्कार (म्हणजे एखाद्या मताची बाजू घेऊन बोलणे) आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आणि बोलण्यावर बंधन येऊ शकते ते गोष्ट चिथावणीपर्यंत पोहोचल्यावर, असे स्पष्ट केले. ही तीन नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

चिथावणीकडे झुकणाऱ्या मजकुराच्या काही खुणा जगभर सारख्याच आढळल्या आहेत. पहिली खूण म्हणजे माणसाचे माणूसपण काढून घेणे: एखाद्या समाजाला किडे, वाळवी, साप, घाण किंवा रोगाची लागण म्हणणे. रवांडामध्ये १९९४ च्या नरसंहाराच्या काळात एका रेडिओ केंद्राने तुत्सी लोकांना झुरळे म्हणण्याचा सपाटा लावला होता, आणि सुमारे शंभर दिवसांत तिथे अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्या केंद्राशी संबंधित लोकांना शिक्षा सुनावल्या. दुसरी खूण त्याच देशाच्या इतिहासातून अभ्यासकांना नीट समजली. आपण जे करणार आहोत तेच समोरचे करणार आहेत असा आरोप आधी करायचा, म्हणजे आपला हल्ला हा बचाव वाटू लागतो. “ते आज रात्री येणार आहेत” या वाक्याचे काम नेमके हेच असते.

तिसरी खूण स्त्रियांची. “आपल्या मुलींना फसवतात”, “आपल्या बहिणीची छेड काढली” असे सांगून एका व्यक्तीवरील खरा किंवा खोटा आरोप संपूर्ण समाजावर लादला जातो. एखाद्या मुलीवर खरोखर अन्याय झाला असेल तर तिला तक्रार, वकील आणि आधार यांची गरज असते, आणि अशा संदेशात त्यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो, हे ध्यानात ठेवले की फरक कळतो. चौथी खूण आपल्याकडे फार जुनी आहे आणि म्हणूनच ती नजरेतून सुटते: “बांगड्या भरल्या आहेत का?” किंवा “रक्त गोठले का?” असे स्वतःच्याच लोकांना विचारणे. हा वार समोरच्या समाजावर नसतो. आपल्याच समाजातील शांत राहू इच्छिणाऱ्या माणसावर असतो, त्याला भित्रा किंवा गद्दार ठरवून गप्प करण्यासाठी असतो. माझ्या अनुभवात ग्रुपवर हे वाक्य पडले की समजूतदार माणसे बोलायची थांबतात, आणि ती थांबली की ग्रुप हातातून जातो.

यापलीकडे मजकुरात ठिकाण, वेळ आणि कृती आली की कार्यकर्त्याने इतर सर्व कामे बाजूला ठेवावीत. “अमुक चौकात”, “नमाजानंतर”, “मिरवणूक आली की”, “सगळ्यांनी जमा” असे शब्द दिसले, एखाद्या घराचा, दुकानाचा किंवा वाहनाचा फोटो दिसला, कोणाचा पत्ता किंवा फोन क्रमांक टाकलेला दिसला, तर चर्चेची वेळ संपलेली असते. तेव्हा ११२ वर फोन करावा.

दुसरी पायरी: तेच वाक्य कोणी, कधी, कोणासमोर म्हटले ते पाहा

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०१२ मध्ये मोरोक्कोतील राबात येथे तज्ज्ञांकडून एक आराखडा तयार करून घेतला, त्यात अशा मजकुराचे गांभीर्य ठरवण्यासाठी सहा कसोट्या दिल्या आहेत: परिस्थिती, बोलणाऱ्याचे स्थान, त्याचा हेतू, मजकूर व त्याची मांडणी, प्रसार, आणि प्रत्यक्ष हानी होण्याची शक्यता. या कसोट्या मुळात फौजदारी कारवाईसाठी आहेत, पण घरबसल्या निर्णय घेतानाही त्यांचा फार उपयोग होतो. इतवारीतील पानठेल्यावर एखाद्याने रागाच्या भरात काढलेले वाक्य आणि हजारो अनुयायी असलेल्या वक्त्याने रामनवमीच्या किंवा मोहरमच्या आठवड्यात व्हिडिओतून म्हटलेले तेच वाक्य यांत शब्दांचा फरक नाही, परिणामाचा आहे. निवडणूक, सणाची मिरवणूक, पुतळ्याची विटंबना, आंतरधर्मीय विवाहाची बातमी, दूरच्या शहरातील दंगल, यांपैकी काही चालू असेल तर एरवी दुर्लक्षणीय वाटणारा मजकूरही गांभीर्याने घ्यावा.

इथे स्थानिक माणसाचे महत्त्व येते. कंपन्यांच्या स्वयंचलित यंत्रणांना मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात मिसळलेले बोलणे नीट कळेलच असे नाही. शिवाय यंत्रणेला चकवण्यासाठी लोक अक्षरांच्या मध्ये टिंबे घालतात, विशिष्ट भाजीचे किंवा प्राण्याचे नाव वापरतात, नुसते चिन्ह टाकतात. आपल्या मोहल्ल्यात कोणते टोपणनाव कोणासाठी वापरले जाते, हे आपल्यालाच ठाऊक असते. तक्रार करताना तो अर्थ दोन ओळींत उलगडून लिहावा, कारण पलीकडे वाचणारा नागपूरचा असेलच, असे नाही.

तिसरी पायरी: खरेखोटे तपासा, पण पुढे न पाठवता

मागे एकदा माझ्याकडे एक चित्रफीत आली होती: रस्त्यावर काठ्या घेतलेला जमाव, एक उलटलेली दुचाकी, आणि खाली “आपल्या नागपूरची आताची परिस्थिती” अशी ओळ. ती तेहतीस सेकंदांची फीत मी आवाज बंद करून चार वेळा पाहिली. आवाज बंद करणे महत्त्वाचे, कारण भीती बहुतांशी आवाजातून येते आणि डोळे मग काही टिपत नाहीत. पहिल्या फेरीत काहीच दिसले नाही. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातील बंद दुकानाच्या पाटीवर बंगाली अक्षरे दिसली. उलटलेल्या दुचाकीची पाटी थांबवून मोठी करून पाहिली, तर ती एमएच ३१ किंवा एमएच ४९ ने सुरू होत नव्हती. आपल्याकडच्या ग्रामीण भागातील एमएच ४० सुद्धा ती नव्हती. आणि रस्त्यावर पाणी साचलेले होते, तेव्हा नागपुरात उन्हाळा होता. एवढे कळल्यावर फितीतील एक स्थिर चित्र घेऊन गुगल लेन्सवर शोधले आणि तीच दृश्ये जुन्या बातमीत सापडली. सगळे मिळून दहा मिनिटे गेली असतील.

नवख्यांनी हा क्रम हाताला लावून घ्यावा: आवाज बंद, पाट्या, वाहनांचे क्रमांक, पोलिसांचा गणवेश, हवामान, मग चित्राचा उलटा शोध. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दुहेरी बाण दिसत असतील तर तो अनेक हातांतून आलेला आहे आणि पाठवणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नाही, असे समजावे. असे संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील, अशी मर्यादा त्या कंपनीने एप्रिल २०२० पासून घातली आहे. ती ओलांडण्यासाठी कोणी मजकूर नव्याने टाइप करून किंवा उतरवून घेऊन टाकत असेल तर ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. कापलेल्या फितीपासूनही सावध राहावे. २०१८ मध्ये मुले पळवण्याच्या अफवांसोबत देशभर फिरलेली एक फीत कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेल्या चित्रफितीचा तुकडा होती. मूळ फितीत दुचाकीस्वार मुलाला लगेच परत आणतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात, तेवढाच शेवट कोणीतरी काढून टाकला होता.

स्थानिक घटनेविषयी शंका असेल तर इंटरनेटवर शोधत बसण्यापेक्षा त्या भागात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला फोन करावा. “मोमीनपुऱ्यात काय चालले आहे?” या प्रश्नाचे उत्तर मोमीनपुऱ्यातील दुकानदार एका मिनिटात देतो. तुमच्या फोनमध्ये असा एकही क्रमांक नसेल तर या कामाची सुरुवात तो क्रमांक मिळवण्यापासून करावी.

चौथी पायरी: पुरावा आधी, तक्रार नंतर

घाईत लोक मजकुराची तक्रार करतात, तो काढला जातो आणि पोलिसांना दाखवण्यासाठी हातात काहीच उरत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला स्वतःचा संदेश सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट घ्यावेत. त्यात ग्रुपचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख व वेळ आणि आधीचे-नंतरचे दोन-तीन संदेश दिसले पाहिजेत. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स किंवा यूट्यूबवर असेल तर दुवा जतन करावा आणि खात्याचे नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे, कारण दाखवायचे नाव बदलता येते. मूळ चित्रफीत उतरवून ठेवावी, तिच्यात काहीही कापाकापी करू नये आणि ज्या फोनवर ती आली तो फोन विकू किंवा रिकामा करू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते काम सोपे होते. जमवलेला पुरावा “बघा काय लिहितात” म्हणून दुसऱ्या ग्रुपवर टाकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. तसे केल्यास आपणच त्या मजकुराला नवा वाचकवर्ग मिळवून देतो.

त्यानंतर दोन तक्रारी कराव्यात. पहिली त्या माध्यमाकडे, “द्वेषपूर्ण भाषण” किंवा “हिंसा” हा योग्य प्रकार निवडून. व्हॉट्सॲपवरील संभाषण कंपनीला एरवी वाचता येत नाही, पण तुम्ही तक्रार केली की त्या पाठवणाऱ्याचे शेवटचे पाच संदेश तिच्याकडे जातात, तेव्हा तक्रार मजकूर आल्याबरोबर केलेली बरी. मोठ्या माध्यमांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमणे २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्याच्या उत्तराने समाधान झाले नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागता येते.

दुसरी तक्रार पोलिसांकडे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती ऑनलाइन करता येते, पण तणावाच्या काळात मी आपल्या हद्दीच्या ठाण्यात प्रत्यक्ष जाऊन लेखी अर्ज देण्याचा आणि त्यावर पोच घेण्याचा सल्ला देईन. अर्ज एका पानाचा असावा: काय, कधी, कुठे, कोणी, आणि त्यामुळे नेमकी कोणती भीती निर्माण झाली. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ गटांमध्ये शत्रुत्व वाढवण्याविषयी, कलम २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याविषयी आणि कलम ३५३ अफवा व चिथावणीखोर विधानांविषयी आहे. अर्जात कलमे लिहिणे सक्तीचे नाही, पण माहीत असली की बोलताना धीर येतो. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. द्वेषपूर्ण भाषणाबाबत तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये काही राज्यांना दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो सर्व राज्यांना लागू केला, हे ठाणेदारांशी बोलताना नम्रपणे सांगता येते. एका ठाण्यात मला दोन तास बसवून ठेवले होते आणि “एवढ्याशा मेसेजसाठी?” असे विचारले होते. त्या दिवशी मी पोच न घेता परतले, आणि ती चूक मला अजूनही सलते. तुम्ही परतू नका. पोच मिळाली नाही तर तोच अर्ज टपालाने पोलीस आयुक्तालयात पाठवा.

पाचवी पायरी: उत्तर द्यायचे कोणाला

खोडसाळ माणसाचे मन वळवणे हे आपले काम नाही. ग्रुपवर दोनशे सभासद असतील तर लिहिणारे दहा-बारा असतात आणि बाकीचे वाचत असतात. उत्तर त्या वाचणाऱ्यांसाठी लिहायचे असते. म्हणून भाषा थंड असावी आणि वाक्ये थोडी असावीत. खरी गोष्ट आधी सांगावी, मग अफवेचा एकदाच, तिचे शब्द न वापरता उल्लेख करावा, आणि पुन्हा खऱ्या गोष्टीवर यावे. उदाहरणार्थ: “मी आत्ताच हंसापुरीतील दोन ओळखीच्यांशी बोललो, दुकाने उघडी आहेत. फिरत असलेली चित्रफीत दुसऱ्या राज्यातील जुनी आहे. कोणाला काळजी वाटत असेल तर मला फोन करा.” शेवटचे वाक्य गाळू नये, कारण भ्यालेल्या माणसाला माहितीइतकाच आधार हवा असतो. झुरिच येथील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ट्विटरवरील प्रयोगात, द्वेषपूर्ण लिहिणाऱ्यांना विनोदाने किंवा इशाऱ्याने दिलेल्या उत्तरांचा फारसा परिणाम दिसला नाही. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना काय वाटते, हे सांगणाऱ्या उत्तरांचा परिणाम दिसला. तो लहान होता, पण होता.

बोलणारा कोण, यालाही महत्त्व आहे. मराठा मुलांच्या ग्रुपवर मराठा मुलानेच, मशिदीच्या ग्रुपवर तिथल्याच वडीलधाऱ्याने, बौद्ध वस्तीच्या ग्रुपवर तिथल्याच ताईने बोललेले ऐकले जाते. बाहेरून आलेल्या शहाणपणाला “तुम्हाला काय कळणार” हे उत्तर ठरलेले असते. पुष्कळदा जाहीर उत्तरापेक्षा खासगी फोन अधिक उपयोगी पडतो. “दादा, तुमच्यावर लोक विश्वास ठेवतात, हा मेसेज खोटा निघाला, तुम्हीच काढून टाका ना,” असे म्हटले तर समोरच्याला माघार घ्यायला वाट मिळते. चारचौघांत खोटा ठरवला तर तो हट्टाला पेटतो.

ज्या व्यक्तीला किंवा समाजाला लक्ष्य केले आहे त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावाने मोहीम काढू नये. त्यांना कधी गाजावाजा नको असतो, फक्त मुलांना शाळेत सोडायला सोबत हवी असते.

ग्रुप ॲडमिन असाल तर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की, सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याखेरीज, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. त्यामुळे घाबरून ग्रुप सोडून जाण्याचे कारण नाही. जबाबदार माणूस निघून गेला की ती जागा दुसरा कोणी घेतो. शांततेच्या दिवसांतच ग्रुपच्या माहितीत तीन नियम लिहून ठेवावेत: बातमीसोबत ती कुठून आली हे लिहायचे, कोणत्याही समाजाविषयी सरसकट विधान करायचे नाही, आणि ॲडमिनने काढलेला मजकूर पुन्हा टाकायचा नाही. मजकूर काढताना तो का काढला, हे एका ओळीत सांगावे. तणावाच्या रात्री “केवळ ॲडमिन संदेश पाठवू शकतील” ही सोय सुरू करावी, मात्र दर तासाला खात्रीची माहिती टाकत राहावे. नुसते दार बंद केले तर लोक दुसऱ्या ग्रुपवर जातात, आणि तिथे तुम्ही नसता.

रात्रभर असा मजकूर पाहणे अंगावर येते. दोघांनी मिळून पाळी लावावी, झोपेच्या वेळी फोन दुसऱ्याकडे सोपवावा, आणि कोणी आपलीच माहिती शोधून धमकावू लागले तर त्याची तक्रारही वर सांगितल्याच क्रमाने, न लाजता करावी. स्वतःच्या खात्यावरील पत्ता, मुलांचे फोटो आणि शाळेचे नाव आजच काढून टाकावे.

शेवटचे काम कागदावरचे आहे, कारण तणावाच्या वेळी इंटरनेट बंद होऊ शकते आणि फोनची बॅटरी संपू शकते. हद्दीच्या ठाण्याचा दूरध्वनी, ११२, शांतता समितीतील दोन सदस्य, प्रत्येक समाजातील निदान दोन ओळखीचे, एक डॉक्टर, एक वकील, आणि वस्तीत एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरे, एवढी यादी मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी. यादीतील प्रत्येकाला या आठवड्यात एकदा फोन करून आपले नाव सांगावे, म्हणजे त्या रात्री आवाज ओळखीचा असेल.